भयपटाची घरगुती बैठक : बेळगाव सीमाभाग

मित्रांनी किंवा मैत्रिणींनी एखाद्याच्या घरी रात्री जमून, दिवे मालवून, भुताखेतांचा चित्रपट एकत्र पाहण्याची रीत. अशी हौस सगळीकडेच आढळते; मात्र कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठीभाषक पट्ट्यात तिला भाषांच्या सरमिसळीमुळे वेगळा रंग चढतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा भाग मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि करमणुकीत बरीचशी हिंदी अशी वाटणी इथल्या माणसाच्या अंगवळणी पडली असून, आजचे भूत कोणत्या भाषेत बोलणार हा प्रश्न बैठकीच्या आरंभीच निकाली काढावा लागतो. मंडळी मिश्र असली की तडजोड बहुधा हिंदीवर होते. किंकाळी मात्र ज्याची त्याच्या मातृभाषेतच फुटते.

या रितीची सुरुवात व्हिडिओ कॅसेटच्या काळातली आहे. गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीपुरते भाड्याने आणायचे व भाडे वसूल व्हावे म्हणून ओळीने दोन-तीन चित्रपट पाहायचे, असा तो प्रकार होता. वडीलधारी माणसे आणि लहान मुले झोपल्यावर उरलेल्यांसाठी भुताचा चित्रपट लागे, आणि तो पुष्कळदा रामसे बंधूंचा असे. ‘दो गज जमीन के नीचे’ (1972) आणि ‘पुराना मंदिर’ (1984) हे त्यांचे गाजलेले चित्रपट. पुढे 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘झी हॉरर शो’मुळे भूत दर आठवड्याला घरी येऊ लागले. त्यानंतरच्या सीडी, पेनड्राइव्ह आणि स्मार्ट टीव्ही या बदलांनी साधन बदलले, बैठकीची ठेवण फारशी बदलली नाही. चित्रपटगृहात ‘ए’ प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला अठरा वर्षांखालच्यांना दाराशीच अडवले जाते. घरी ते काम थोरल्या भावंडाकडे येते, आणि ते क्वचितच चोख होते.

बैठकीत खरे काम करतो तो आवाज. शांततेनंतर अकस्मात आदळलेल्या मोठ्या आवाजाने शरीर आपोआप दचकते. स्नायू आखडतात, छातीत धडधडते, आणि हे सगळे विचार करण्यापूर्वीच घडून जाते. म्हणूनच आवाज बंद करून पाहिल्यास भयंकर वाटणारे भूत सोंगाड्यासारखे दिसते, आणि रिमोट हाती धरून ऐन वेळी आवाज कमी करणारा मित्र बैठकीत अप्रिय ठरतो. खाण्याचे पदार्थही याच हिशेबाने निवडलेले बरे. कांदा-मिरची घालून कालवलेले चिरमुरे आणि भजी चालतात. पापडाचा कडाका नेमका दार करकरण्याच्या क्षणी वाजला, तर ‘गप बस की गा’ असे सर्व बाजूंनी ऐकून घ्यावे लागते.

नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव भय हा सांगितला असून, थरथरणारे हातपाय, चंचल डोळे, रोमांच, उतरलेला चेहरा आणि बदललेला स्वर ही त्याची लक्षणे दिली आहेत. तिथे ती नटाने दाखवायची आहेत. घरगुती बैठकीत ती प्रेक्षकच एकमेकांना दाखवतात. माध्यमांच्या मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1986 मधील प्रयोगात सोबतच्या व्यक्तीच्या वागण्यावर भयपटाची गोडी ठरते असे दिसून आले : तरुणांना घाबरलेल्या मुलीच्या सोबतीत, तर तरुणींना न डगमगणाऱ्या मुलाच्या सोबतीत चित्रपट अधिक आवडला. सीमाभागातील बैठका बहुधा निव्वळ मुलग्यांच्या किंवा निव्वळ मुलींच्या असल्याने हा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही शेजाऱ्याचा चेहरा पडद्याइतकाच निरखला जातो, एवढे खरे.

दुभाषिक प्रेक्षकांची एक खास अडचण असते. 1993 च्या एका मल्याळम चित्रपटावरून कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (2004) आणि हिंदीत ‘भूल भुलैया’ (2007) निघाला; कन्नड पाहिलेल्या मित्राला हिंदी पाहताना रहस्य ठाऊक असते, आणि ते पोटात ठेवणे ही त्याची परीक्षाच ठरते.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या घाटाकडील गावांत, कौलांवर पाऊस कोसळत असताना वीज जाते आणि चित्रपट अर्ध्यावर थांबतो. प्रस्तुत लेखकाच्या मते बैठकीचा कस लागतो तो इथे. अंधारात गोष्टींना तोंड फुटते : पिंपळावरचा मुंजा, विहिरीवरची हडळ, ओळखीच्या वाटेवर रात्रभर फिरवणारा चकवा. कन्नड मित्र त्यांत आपल्या ‘देव्वा’ची, म्हणजे भुताची, भर घालतो. 1990 च्या दशकात बेंगळुरूकडे दारांवर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहिले जाई. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारणारी बाई ते वाचून परत जाते, अशी समजूत होती. ‘स्त्री’ (2018) या हिंदी चित्रपटाने ही कल्पना चंदेरीला नेली. मराठी घराच्या दारावर हे कोणत्या लिपीत लिहावे, यावर इथे हमखास विनोद होतो, कारण त्या बाईला फक्त कन्नडच वाचता येत असेल तर पंचाईत व्हायची.

भूत पाहायला जमलेले सारे भूत मानणारे असतात असे नाही. याच बेळगावात सदाशिवनगर स्मशानभूमीत 6 डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, कर्नाटकातील राजकीय नेते सतीश जारकीहोळी यांच्या पुढाकाराने अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम होतो आणि लोक रात्री तिथेच मुक्काम करतात. असे असूनही अमावास्येला बैठक नको म्हणणारी आजी अनेक घरांत आहे, आणि तिचा शब्द सहसा मोडला जात नाही.

चित्रपट संपल्यावर परसातल्या न्हाणीकडे कोणी एकटा जात नाही. तिघे-चौघे मिळून जातात व बॅटरी शेवटच्याच्या हाती असते. घरी परतण्याचा बेत रद्द होऊन सोप्यात ओळीने अंथरुणे पडतात. मधल्या जागा आधी धरल्या जातात, आणि दाराकडची जागा बहुधा यजमानाच्या वाट्याला येते.