बहात्तर पट लहान मिग : प्लॅस्टिकच्या विमानातलं विज्ञान

मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात आलं. पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची बांधणी होऊ लागली, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप देण्यात आला. आता ते पाहायचं तर संग्रहालयात किंवा चबुतऱ्यावर, नाहीतर स्वतःच्या हातांनी जोडून टेबलावर. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. प्लॅस्टिक मॉडेलच्या छंदात सर्वांत रुळलेलं प्रमाण १:७२. त्या प्रमाणात हा विस्तार १० सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी भरतो आणि सगळं विमान हातात मावतं.

लांबी ७२ पट घटली की क्षेत्रफळ ५,१८४ पट घटतं आणि घनफळ ३,७३,२४८ पट. साडेआठ टनांचं विमान सगळ्या बाजूंनी, सगळ्या तपशिलांसह असं आकसलं तर त्याचं वजन सुमारे २३ ग्रॅम होईल. हा हिशेब सोपा आहे. पण प्रकाशाची तरंगलांबी आकसत नाही. रंगातले कण, द्रवाचा पृष्ठताण, हवेतली वाफ, प्लॅस्टिकचे रेणू, सगळं जसंच्या तसं राहतं. या छंदातलं कौशल्य नेमकं इथे लागतं, असं मला वाटतं. सुटे भाग जोडणं कुणालाही सरावाने जमतं. न आकसणाऱ्या या गोष्टींशी कसं वागायचं, हे कळायला वेळ लागतो.

आधी १:७२ हे प्रमाण आलं कुठून ते पाहू. फूट-इंचांच्या जगात ६ फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे खरी ६ फूट लांबी मॉडेलमध्ये १ इंच. ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग’ या नावाखाली ‘पेंग्विन’ मालिकेतली प्लॅस्टिकची विमानं विकायला आली, ती याच प्रमाणात होती. त्यांचं प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं, आणि ते काळाच्या ओघात वाकडं होई. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं विमान कोणतं आणि आपलं कोणतं हे ओळखायला शिकवण्यासाठी जी मॉडेल्स बनवली गेली, त्यांतही १:७२ वापरलं गेलं. नंतर पॉलिस्टायरिन आलं. ‘एअरफिक्स’ या कंपनीचं पहिलं विमान, स्पिटफायर, १९५३ चं.

पॉलिस्टायरिन या छंदाला इतकं मानवलं याचं कारण त्याच्या रेणूंच्या रचनेत आहे. लांबच लांब साखळ्या, प्रत्येक साखळीला थोड्या थोड्या अंतरावर बेन्झिनची कडी लटकलेली. या अवजड कड्यांमुळे साखळ्या शिस्तीत रांगेने बसू शकत नाहीत, एकमेकींत गुंतून पडतात. म्हणून या प्लॅस्टिकला बर्फासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो. साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडू लागतं. आणखी तापवून, मोठ्या दाबाखाली पोलादी साच्यात शिरवलं की बारीकसारीक खाचांपर्यंत पोचतं आणि थंड होताना फार आकसत नाही. साच्यातून भाग सरळ ओढून काढता आला पाहिजे, म्हणून विमानाचं धड उभं चिरल्यासारखं दोन अर्ध्या भागांत येतं. चौकटीला चिकटलेल्या दांड्यांना, म्हणजे स्प्रूला, हे भाग लटकलेले असतात. साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा अंश त्यांच्यावर उरू शकतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही, तर पुढे रंग नीट धरत नाही.

साचा भरताना एक अडचण येते. भिंत फार पातळ ठेवली तर प्लॅस्टिक टोकापर्यंत पोचायच्या आतच गोठतं. म्हणून जाडी साधारण १ मिलिमीटर ठेवावी लागते. खऱ्या विमानाच्या मापात हा ७ सेंटिमीटर जाडीचा पत्रा झाला! खरा पत्रा १ मिलिमीटरचा धरला, तर मॉडेलमध्ये तो १४ मायक्रॉनचा हवा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ. पंखाची मागची कड, चाकांच्या कप्प्यांची दारं, इंजिनाच्या तोंडाची कड हे भाग त्यामुळे जाडजूड दिसतात. यावर उपाय एकच : दिसणाऱ्या कडा आतल्या बाजूने कानशीने आणि वॉटर पेपरने घासून पातळ करायच्या. भिंत आत जाडच राहते, पण डोळा कडेवरून जाडीचा अंदाज बांधतो, त्यामुळे एवढ्यानेही काम भागतं.

आता जोडणी. या छंदातल्या डिंकाला डिंक म्हणणं खरं तर चूक आहे, कारण तो दोन भागांच्या मध्ये चिकट थर बनून राहतच नाही. तो असतो द्रावक : ब्युटाइल ॲसिटेट, ॲसिटोन, किंवा संत्र्याच्या सालीचा वास येणारं लिमोनिन. सांध्याला कुंचल्याचं टोक टेकवलं की केशाकर्षणाने द्रव फटीतून आपोआप पळत जातो. तिथे दोन्ही बाजूंचं पॉलिस्टायरिन फुगतं, साखळ्या सैल होतात आणि सीमा ओलांडून पलीकडच्या साखळ्यांत गुंततात. द्रावक उडून गेल्यावर मागे उरतं ते निव्वळ पॉलिस्टायरिन. हे एक प्रकारचं वेल्डिंगच आहे, फक्त उष्णतेशिवाय. पण द्रावक आतून बाहेर यायला वेळ घेतो. वरून सांधा तासाभरात घट्ट वाटतो, म्हणून लगेच घासून गुळगुळीत केला, तर पुढच्या काही दिवसांत उरलेला द्रावक उडतो, फुगलेलं प्लॅस्टिक बसतं आणि रंगाखालून सांध्याची बारीक रेघ पुन्हा उमटते. एक-दोन दिवस थांबणं हाच त्यावरचा उपाय.

काचेसाठी, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक भागासाठी, हा द्रावक चालत नाही. जरा सांडला की काच कायमची धूसर होते. सुपरग्लूही नको. त्यातल्या सायनोॲक्रिलेटची वाफ जवळच्या पृष्ठभागावर बसून पांढरं धुकं धरते. तिथे शाळेतला साधा पांढरा डिंकच बरा.

रंगकामाकडे वळलं की प्रमाणाचा प्रश्न खरा छळतो. वॉटर पेपरच्या ४०० नंबरच्या कागदावरचे कण साधारण ३५ मायक्रॉनचे. त्यांचा ओरखडा तेवढाच रुंद धरला, तर खऱ्या विमानावर तो अडीच मिलिमीटरचा होईल. म्हणून पुढे ८००, १२००, २००० असं चढत जावं लागतं. जुन्या मिग-२१ उघड्या ॲल्युमिनियमच्या चकाकीत उडत, आणि हे रूप साधणं मला सर्वांत कठीण वाटतं. बाजारातल्या साध्या चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. तो कण १५ मायक्रॉनचा असला तरी खऱ्या विमानाच्या मापात १ मिलिमीटरचा होतो, आणि विमानावर टिकल्या मारल्यासारखं दिसतं. त्यासाठी फार बारीक दळलेले कण असलेला रंग घ्यायचा आणि त्याखाली आधी चकचकीत काळा थर द्यायचा. चकचकीत थर सपाट असल्याने कण त्यावर आडवे, एका पातळीत बसतात आणि प्रकाश एकाच दिशेला परत फेकतात. कणांमधल्या फटीतून आत शिरलेला प्रकाश काळा रंग शोषून घेतो. दोन्ही मिळून पत्र्याचा भास होतो.

छंद जोपासणाऱ्यांत एक जुना वाद आहे : मॉडेलवर खरा रंग द्यावा, की थोडं पांढरं मिसळून फिका करून द्यावा? फिका करण्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण म्हणजे हवा. दूरचे डोंगर जसे निळसर-फिके दिसतात, तसं दूरचं विमानही फिकं दिसतं. ३० सेंटिमीटरवरून पाहिलेलं १:७२ मॉडेल म्हणजे २१.६ मीटरवरून पाहिलेलं खरं विमान, इथवर ठीक. पण गणित करून पाहू. १० किलोमीटरपर्यंत दिसत असेल अशा हवेत २१.६ मीटर अंतरात वस्तूचा उठाव १ टक्क्याहूनही कमी घटतो. अगदी धुरकट सकाळी, २ किलोमीटरपलीकडचं दिसत नसतानाही, ही घट ४ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे हवेचं कारण टिकत नाही.

तरीही रंग फिका करणाऱ्यांची नजर चुकीची नाही. फरक हवेत नसून उजेडात आहे. भर दुपारी विमानतळावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो, तर घरात संध्याकाळी ३०० ते ५०० लक्स. उजेड कमी झाला की तोच रंग डोळ्यांना मंद आणि गडद भासतो. गडद हिरवा तर दिवाणखान्यात जवळजवळ काळा वाटतो. म्हणून थोडा फिका करायचा, हे पटण्यासारखं आहे.

उजेडाची आणखी एक बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून उन्हातल्या सावल्या रेखीव पडतात. पंखाखाली काळी कड, पत्र्यांच्या सांध्यात बारीक काळी रेघ, रिव्हेटच्या डोक्याखाली ठिपका. आता मॉडेलवरची चार फुटी ट्यूबलाइट पाहा. दीड मीटर अंतरावरून ती ४० अंशांहून जास्त जागा व्यापते. खऱ्या विमानाच्या मापात तो ८६ मीटर लांबीचा दिवा होतो. इतका पसरट उजेड कोणत्याच खाचेत सावली टिकू देत नाही. त्यामुळे हुबेहूब रंगवलेलं मॉडेलसुद्धा सपाट, खेळण्यासारखं दिसतं. सावली प्रकाशाने पडत नाही, तर ती रंगाने पाडावी लागते. पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचा किटमध्ये दहावा हिस्सा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त रुंद असतात, म्हणजे खऱ्या मापात ७ मिलिमीटरच्या वर. मोजपट्टी लावणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटेल. पण ती अतिशयोक्ती आणि तिच्यात भरलेला गडद रंग मिळूनच हरवलेली सावली परत आणतात.

हा रंग भरण्याची रीत सुंदर आहे. तेलरंग खूप पातळ करायचा आणि बारीक कुंचल्याने खाचेला फक्त स्पर्श करायचा. केशाकर्षणाने तो खाचेतून पुढे पुढे धावतो. खाच जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, म्हणजे लहान होण्याचा इथे चक्क फायदा होतो. खालचा थर मात्र चकचकीत हवा. मॅट पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खड्डे असतात आणि तेही तसेच केशाकर्षण करतात, मग रंग रेघेत न राहता डाग होऊन पसरतो.

डिकलच्या बाबतीतही हाच नियम. पाण्यात भिजवून सरकवायची ती पातळ पारदर्शक फिल्म. तिच्यावर केशरी, पांढरी, हिरवी वर्तुळं छापलेली. मॅट रंगावर ती लावली की खालच्या खड्ड्यांत हवा अडकते, प्रकाश त्या हवेच्या सीमेवरून परावर्तित होतो आणि फिल्मच्या कडेने चंदेरी झाक दिसते. म्हणून आधी ग्लॉस, मग डिकल, मग वॉश, म्हणजे खाचांत भरायचा तो पातळ रंग, आणि सर्वांत शेवटी हवा असेल तर मॅट, असा क्रम ठरला आहे.

अँटेनाच्या तारेसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. उरलेल्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर, फिरवत धरायचा. मऊ झाला की बाजूला घेऊन दोन्ही हातांनी ओढायचा. केसासारखा धागा निघतो. ओढताना रेणूंच्या साखळ्या लांबीच्या दिशेने ताणल्या जातात आणि थंड होताच तशाच गोठतात. धागा विमानावर चिकटवल्यावर सैल पडला, तर पेटती उदबत्ती जवळ न्यायची, टेकवायची मात्र नाही. उष्णता लागताच साखळ्या आपल्या गुंतलेल्या अवस्थेत परत जाऊ पाहतात, धागा आखडतो आणि तार ताठ होते.

दोन अर्धी धडं जोडण्याआधी नाकातल्या वजनाचाही विचार करायला हवा. तीन चाकांवर उभं राहणारं जेट विमान प्लॅस्टिकमध्ये बहुधा शेपटीवर बसतं, कारण खऱ्या विमानाच्या पुढच्या भागातली जड यंत्रणा मॉडेलमध्ये नसते. गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या पुढे आणायला नाकात वजन भरतात. वजन जितकं पुढे, तितकं कमी पुरतं. शिशाचे छर्रे सोयीचे खरे, पण ते पांढऱ्या डिंकात बसवू नयेत. या डिंकातून हळूहळू ॲसिटिक आम्ल सुटतं. ते, ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचं कार्बोनेट बनवतात. जुन्या काळी रंगासाठी सफेता याच प्रक्रियेने करत. कार्बोनेट शिशापेक्षा जास्त जागा घेतं, आणि काही वर्षांनी सांधा आतून उकलतो. छर्रे एपॉक्सीत बसवले की हा धोका जातो. शिसं हाताळल्यावर हात धुवावेत, हे सांगायला नकोच.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एअरब्रशने, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या फवारणीच्या साधनाने, लॅकर हा द्रावकातला रंग फवारला की द्रावक झपाट्याने उडतो आणि पृष्ठभाग थंड होतो. जुलैत हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो अंश, २५ च्या आसपास असतो. पृष्ठभाग तीन अंशांनी गार झाला तरी ओल्या रंगावर पाणी साचतं आणि काळा ग्लॉस दुधाळ होतो. हिवाळ्यात पुण्याला २५ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेत हाच दवबिंदू १० अंशांजवळ उतरतो, तिथे ही भीती जवळपास नाही. कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली गेल्यानेही पाणी निघतं, त्यामुळे नळीवर पाणी अडवणारा सापळा बसवावाच लागतो. फवारताना खिडकी उघडी आणि तोंडावर योग्य मास्क हवा, कारण या वाफा फुप्फुसांना बऱ्या नाहीत. जून ते सप्टेंबर कापणं, घासणं, जोडणं ही कामं उरकावीत, कुंचल्याने कॉकपिट रंगवावं आणि लॅकरची बाटली ऑक्टोबर उलटल्यावर उघडावी.