नागरी आपत्कालीन नियोजन (ब्रिटन)

पूर, स्फोट, साथीचा रोग, दहशतवादी हल्ला, दीर्घकाळ खंडित झालेला वीजपुरवठा अशा प्रसंगी कोणी काय करायचे हे ब्रिटनमधील स्थानिक स्वराज्य संस्था, पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा व इतर यंत्रणा आधीच ठरवून ठेवतात. त्या व्यवस्थेला हे नाव आहे. मूळ इंग्रजी संज्ञेतील ‘सिव्हिल इमर्जन्सी’चा शब्दशः अर्थ ‘नागरी आणीबाणी’ असा होतो, पण आणीबाणी म्हटले की मराठी वाचकाला १९७५ आठवते. तो अर्थ इथे नाही. माणसांच्या जीविताला व कल्याणाला किंवा पर्यावरणाला एखाद्या ठिकाणी गंभीर हानी पोहोचवू शकेल अशी घटना किंवा परिस्थिती, अशी ‘इमर्जन्सी’ची व्याख्या २००४ च्या ब्रिटिश कायद्यात आहे. देशाच्या सुरक्षेला धोका निर्माण करणारे युद्ध व दहशतवादही तिच्यात येतात.

या व्यवस्थेचे मूळ १९४८ च्या नागरी संरक्षण कायद्यात आहे. त्या वेळी डोळ्यांसमोर शत्रूचा बॉम्बहल्ला होता. शांततेच्या काळातील संकटांसाठी एकसंध चौकट बराच काळ नव्हती. सप्टेंबर २००० मध्ये इंधनाच्या दरांविरुद्धच्या आंदोलनाने पंप कोरडे पडले, त्याच हिवाळ्याच्या तोंडावर मोठे पूर आले आणि २००१ मध्ये जनावरांत लाळ्या-खुरकूत पसरली. लागोपाठच्या या तीन तडाख्यांनंतर सिव्हिल कंटिंजन्सीज ॲक्ट २००४ (नागरी आपत्कालीन प्रसंगांचा कायदा) मंजूर झाला.

हा कायदा यंत्रणांचे दोन वर्ग करतो. पहिल्या वर्गात पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका सेवा, स्थानिक स्वराज्य संस्था, आरोग्य संस्था, पर्यावरण संस्था व तटरक्षक येतात. धोक्यांचे मूल्यमापन करणे, आराखडे तयार ठेवणे, संकटातही स्वतःचे काम चालू ठेवण्याची तजवीज करणे आणि लोकांना सावध करणे ही कर्तव्ये त्यांच्यावर आहेत. वीज, पाणी, दूरसंचार, रेल्वे इत्यादी दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांच्यावर मुख्यतः सहकार्याचे व माहिती देण्याचे बंधन आहे.

सगळ्यांना एकत्र बसवणारी जागा म्हणजे ‘लोकल रेझिलियन्स फोरम’. इंग्लंडमध्ये असे ३८ फोरम असून त्यांच्या हद्दी पोलीस क्षेत्रांच्या हद्दींशी जुळतात. भारतात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हा जिल्हा प्राधिकरणाचा प्रमुख ठरतो. ब्रिटिश फोरमला मात्र स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही आणि तो कोणाला आदेशही देऊ शकत नाही. तिथे सारे परस्परांच्या ओळखीवर व विश्वासावर चालते. हेच या व्यवस्थेचे बळ आहे आणि दुखणेही.

प्रत्यक्ष घटनेत निर्णयाच्या तीन पातळ्या असतात. गोल्ड म्हणजे व्यूहात्मक, सिल्व्हर म्हणजे डावपेचांची आणि ब्राँझ म्हणजे घटनास्थळावरची. १९८५ च्या ब्रॉडवॉटर फार्म दंगलीनंतर लंडनच्या पोलिसांनी ही रचना घडवली आणि पुढे इतर सेवांनीही ती स्वीकारली. हुद्द्यापेक्षा त्या वेळची जबाबदारी पाहिली जाते, त्यामुळे कनिष्ठ अधिकारीही वरची भूमिका सांभाळू शकतो. निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर व्हावा, हे मूळ सूत्र आहे.

नियोजनाने काय साधते, हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर दिसते. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्राचे पाणी आत घुसले, पुढच्या गावांना इशारा पोहोचला नाही आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसे दगावली. ५ डिसेंबर २०१३ ला तसेच उधाण आले. काही ठिकाणी पाणी १९५३ पेक्षाही वर चढले. या वेळी पूर्वानुमान होते, बांध अधिक भक्कम होते आणि हजारो लोकांना वेळेत हलवले गेले. जीवितहानी अगदी थोडी झाली.

आराखडा कागदावर असणे मात्र पुरेसे नाही. म्हणून सराव होतात. कधी टेबलाभोवती बसून चर्चा होते, तर कधी जखमींच्या भूमिकेतील स्वयंसेवकांसह पूर्ण रंगीत तालीम. सरावाचा खरा उपयोग त्यानंतर सुरू होतो, जे चुकले ते दुरुस्त करण्यात. मँचेस्टर अरेना बॉम्बस्फोटात (२२ मे २०१७) २२ जणांचा बळी गेला. त्या रात्री पोलीस नियंत्रण कक्षातील एकाच अधिकाऱ्यावर कामाचा डोंगर कोसळला आणि इतर सेवांना त्याच्याशी बोलता येईना. पहिल्या सुमारे ४० मिनिटांत स्फोटाच्या दालनात एकच पॅरामेडिक होता. अग्निशमन दल तर दोन तासांहून अधिक उशिरा पोहोचले. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांनी एकाच जागी उभे राहून एकत्र निर्णय घ्यावा, हे संयुक्त तत्त्व तेव्हा अस्तित्वात होते. वर्षभर आधीच्या मोठ्या सरावात नियंत्रण कक्षाची हीच अडचण दिसली होती. ती दूर झाली नव्हती. माझ्या मते या विषयातील सर्वांत वेदनादायक नोंद हीच आहे.

आग विझल्यावर आणि जखमी हलवल्यावर पुनर्वसनाचे नेतृत्व स्थानिक स्वराज्य संस्थेकडे येते. निवारा केंद्र उघडायचे, बेघर झालेल्यांची यादी करायची, नातेवाइकांना खरी माहिती द्यायची, औषधे आणि रोकड पुरवायची. हे काम बातम्यांत दिसत नाही, म्हणून तयारीतही मागे पडते. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला १४ जून २०१७ ला लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. वाचलेल्यांसाठी पहिल्या दिवसांत चर्च, मशिदी आणि शेजारच्या संस्था धावून आल्या. ज्या कौन्सिलची, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेची, जबाबदारी होती तिच्याकडे पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी नव्हते. सप्टेंबर २०२४ च्या चौकशी अहवालाने तिच्या तयारीवर कठोर ताशेरे ओढले. इतक्या लोकांना एकाच वेळी घर सोडावे लागेल याची तजवीज नव्हती, आणि रमजानचे दिवस असताना रोजा धरलेल्या रहिवाशांच्या गरजांचाही पुरेसा विचार झाला नव्हता.