खुर्चीतली बाई आणि खालचं वर्तमानपत्र

बाईला खुर्चीत बसवायचं, वरून रेशमी कापड टाकायचं, ते ओढलं की खुर्ची रिकामी. आज शाळेच्या स्नेहसंमेलनातही चालून जाणारा हा खेळ फ्रेंच जादूगार बुआतिए द कोल्ता याने १८८६ मध्ये पॅरिसला आणला आणि त्याच वर्षी तो लंडनमध्येही गाजला. त्याच्या मूळ प्रयोगात बाईबरोबर कापडही नाहीसं व्हायचं. नकला करणाऱ्यांनी बहुतेक वेळा हा अवघड भाग गाळला.

नावाचा मात्र घोळ आहे. फ्रेंचमध्ये याला ‘एस्कामोताज’ म्हणतात. पेल्याखालची गोटी तळहातात दडवणं, कुणाचं पाकीट मारणं, अवघड प्रश्नाला बगल देणं, या सगळ्याला तिकडे याच शब्दाचं क्रियापद चालतं. इंग्रजी जाहिरातींनी त्याचं ‘व्हॅनिशिंग’ केलं आणि बाई जणू आपोआप विरघळू लागली. फ्रेंच शब्दात तिला कुणीतरी पळवलेलं असतं. आपण ‘गायब’ म्हणून दोन्ही निभावतो, पण खरं तर ‘लंपास’ जास्त जवळचा. करणाऱ्याचा हात त्यात दिसतो.

खेळाची खरी करामत खुर्चीखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात होती. रंगमंचाला चोरदार असतं हे प्रेक्षकांना पक्कं ठाऊक, म्हणून कागद. कागद अखंड, तेव्हा खालून वाट नाही! वाट खालूनच होती. कागदात आधीच बेमालूम फट केलेली असे. बाई खाली उतरेपर्यंत डोक्याखांद्यांचा आकार तारेचा सांगाडा सांभाळायचा.

१८९६ मध्ये पॅरिसच्याच एका जादूगाराने हा खेळ चित्रपटात घेतला. कॅमेरा थांबवला, बाई बाजूला झाली, कॅमेरा पुन्हा सुरू. चोरदाराची गरजच उरली नाही. तरी त्याने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलंच. सिनेमाच्या इतिहासात या चित्रपटाला मानाचं पान मिळतं, मूळ खेळ रचणाऱ्याला जेमतेम एक ओळ. हे काही बरोबर नाही.

कोल्ताचा त्याआधीचा, १८७५ च्या सुमाराचा खेळ जास्त वादग्रस्त ठरला. हातातला पिंजरा कॅनरी पक्ष्यासकट नाहीसा व्हायचा. सांध्यांवर दुमडणारा तो पिंजरा दोरीने सर्रकन कोटाच्या बाहीत ओढला जाई. दर खेळाला एक पक्षी चिरडतो, ही कुजबुज त्याच्या १९०३ मधल्या मृत्यूनंतरही थांबली नाही. अखेर १९२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर दुसऱ्या एका जादूगाराला हाच खेळ करून दाखवावा लागला. पिंजरा गेला आणि मग त्याने कॅनरी जिवंत काढून दाखवला.