फ्रेंचच्या तासाला बीव्हर कुठून आला?

कॅनडात मुलांना फ्रेंच इमर्शनला, म्हणजे बरेचसे विषय फ्रेंचमधूनच शिकवणाऱ्या वर्गाला, घातलं की कधी ना कधी फर ट्रेडचा, म्हणजे जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापाराचा, प्रोजेक्ट घरी येतोच, आणि आपल्याकडचे आईबाबा चक्रावतात की भाषा शिकायला पाठवलं तर हे कातड्यांचं काय मधेच? इमर्शनमध्ये इतिहासही फ्रेंचमधूनच शिकवतात हे झालंच, पण खरं म्हणजे तो धंदाच मुळात फ्रेंचमध्ये चालायचा.

१६०८ मध्ये शाँप्लेन या फ्रेंच दर्यावर्द्याने क्वेबेक वसवलं ते बरंचसं याच व्यापारासाठी. युरोपात बीव्हर या नदीकाठी राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या मऊ लोकरीच्या फेल्ट हॅट्सचं भयंकर वेड होतं, आणि गंमत म्हणजे सगळ्यात भारी माल कुठला तर स्थानिक लोकांनी अंगावर घालून वापरलेली कातडी, कारण वापरून वापरून वरचे राठ केस गळून गेलेले असायचे! पुढे रादिसाँ आणि ग्रोझेयेर या दोघा फ्रेंचांचं आपल्याच गव्हर्नरशी बिनसलं, ते इंग्रजांकडे गेले, त्यातून १६७० मध्ये हडसन्स बे कंपनी उभी राहिली, म्हणजे आपल्या ईस्ट इंडिया कंपनीची थंडीतली बहीणच. १७६३ मध्ये फ्रान्सने कॅनडा गमावला, माँट्रियलच्या धंद्यात स्कॉटिश मालक आले, पण होड्या वल्हवणारे व्हॉयाजर बहुतेक फ्रेंच कॅनेडियनच राहिले, पाठीवर चाळीसेक किलोचे दोन दोन गठ्ठे घेऊन होडीची वाट संपली की जंगलातून चालायचे.

त्यांनी तिथल्या स्थानिक बायकांशी संसार थाटले, त्यातून मेटी समाज झाला. लुई रिएल हा त्यांचाच नेता, आणि १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला तो त्याच्या लढ्यामुळे, फ्रेंच-इंग्रजी दोन्ही भाषांना मान देऊन. तो मान १८९० मध्ये काढला, १९१६ मध्ये तिथल्या शाळांतलं द्विभाषिक शिक्षणही बंद.

मग १९६५ मध्ये माँट्रियलजवळ सेंट लँबर्टला इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनीच हट्ट धरून इमर्शनचा वर्ग सुरू करवला, १९६९ मध्ये केंद्र सरकारच्या कारभारात दोन्ही भाषा अधिकृत झाल्या आणि इमर्शन पसरलं. अशा वर्गाला व्हॉयाजर म्हणजे आयता हिरो, गाणी आहेत, लाल कमरपट्टा आहे, कॅनू आहे, मुलं खूश.

पण माझ्या मते याच गाण्याबजावण्यात बाकीचे लोक गायब झाले. सापळे लावणारे क्री आणि इतर स्थानिक जमातींचे लोक, कातडी कमावणाऱ्या, दुभाष्याचं काम करणाऱ्या बायका, धंद्याच्याच वाटांनी पसरलेली देवीची साथ. २०१५ मध्ये ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनने, म्हणजे स्थानिक मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाने, शाळांत स्थानिक लोकांचा इतिहास नीट शिकवा म्हणून सांगितलं, तेव्हापासून धडे बदलतायत, कुठे बरेच तर कुठे नावालाच. प्रोजेक्टमध्ये नुसती होडी रंगवायची नसून पेमिकन, म्हणजे सुकवलेलं मांस आणि चरबीची शिदोरी, कोण बनवायचं हेही विचारलं असेल तर टीचर चांगली मिळालीय समजा.