बीपी १९०, नाडी ४८: आता काय?

हुशार डॉक्टर म्हणजे आपोआप चांगला शिक्षक, हा आपल्याकडचा घट्ट समज. म्हणून न्यूरो आयसीयूतला, म्हणजे मेंदूच्या अतिदक्षता विभागातला, एखादा डॉक्टर वैद्यकीय शिक्षणावर संशोधनही करतो म्हटलं, की लोकांना तो जोडधंदा वाटतो. माझ्या मते ही दोन कामं एकमेकांत पक्की अडकलेली आहेत, आणि त्याचं कारण कवटीत आहे.

मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही. आत मेंदू, रक्त आणि सुमारे १५० मिलिलिटर मेंदूद्रव. अपघातानंतर आत रक्त साठू लागलं की आधी हा द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि दाब फारसा वाढत नाही. गच्च भरलेल्या एसटीत आणखी दोघं कसेबसे मावतात, तसं. मग सरकायला जागाच संपते आणि चमचाभर रक्तानेही दाब झपकन चढतो. एरवी तो १५ च्या आत असतो; २२ च्या वर टिकला तर उपचार लागतात. (एकक बीपीचंच, मिलिमीटर पारा.)

आता वजाबाकी. मेंदूत रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाब वजा कवटीतला दाब. ९० वजा १५, म्हणजे ७५. कवटीत ४० झाले की उरले ५०. मेंदू उपाशी राहू लागतो, म्हणून शरीर बीपी चढवतं आणि त्यापाठोपाठ नाडी मंदावते. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी हे १९०१ च्या सुमारास दाखवलं. रात्रपाळीच्या नवख्या रेसिडेंट डॉक्टरला मात्र मॉनिटरवर फक्त बीपी १९० आणि नाडी ४८ दिसते. हात सवयीने बीपी उतरवायच्या इंजेक्शनकडे जातो. ते दिलं तर मेंदूचा उरलासुरला पुरवठाही तुटायचा! आधी कवटीतला दाब उतरवायचा असतो: डोक्याकडची बाजू उंच, मॅनिटॉल (मेंदूतलं पाणी ओढून घेणारं औषध), न्यूरोसर्जनला फोन.

गंमत म्हणजे ही वजाबाकी त्याला एमबीबीएसपासून पाठ असते. ऐनवेळी ती आठवत नाही, आणि इथे शिक्षण-संशोधन लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला लावला, तर काहींना न बघता आठवून लिहायला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने वाचणारे ४२ वर घसरले, आठवणारे ५६ वर. परीक्षेच्या आदल्या रात्रीचं वाचन आयसीयूत का टिकत नाही, ते यातून कळतं.

त्याच्या कितीतरी आधी, १९६३ मध्ये, लॉस एंजेलिसच्या हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने एका धडधाकट बाईला मज्जासंस्थेच्या रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. आज असे तालीम दिलेले रुग्ण जगभरच्या परीक्षांत असतात.

हल्ली कॉलेजांना व्हीआर (आभासी दृश्यं दाखवणारे) चष्मे विकायला माणसं येतात. ‘विद्यार्थी खूश’ असा आलेखही दाखवतात. सहा महिन्यांनी पहाटे तीन वाजता त्याच विद्यार्थ्याने मॅनिटॉल वेळेत सुरू केलं का, हा आलेख मी अजून त्यांच्याकडे पाहिलेला नाही.