अणुकेंद्रीय प्रारणाचे प्रकार

अस्थिर अणुकेंद्रातून बाहेर पडणारे वेगवान कण व ऊर्जा म्हणजे अणुकेंद्रीय प्रारण. आंरी बेक्रेल यांना ते १८९६ मध्ये युरेनियमच्या क्षारांत आढळले. रदरफर्ड यांनी १८९९ मध्ये भेदनक्षमतेवरून त्याचे अल्फा व बीटा असे प्रकार केले. त्यांहून भेदक गॅमा किरण पुढच्याच वर्षी व्हिलार यांना सापडले. मात्र भेदनक्षमता जास्त म्हणजे धोकाही जास्त, हा समज सर्वत्र खरा ठरत नाही.

अल्फा कण म्हणजे दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असलेले हीलियमचे अणुकेंद्र. तो जड असतो, शिवाय त्यावर दुप्पट धनभार असतो. त्यामुळे वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन ओरबाडत तो झपाट्याने ऊर्जा गमावतो. पोलोनियम-२१० मधून ५.३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) ऊर्जेने निघालेला कण हवेत जेमतेम ४ सेंमी. जातो, पण तेवढ्यात सुमारे दीड लाख आयन-जोड्या (सुटलेला इलेक्ट्रॉन व मागे उरलेला धनभारित अणू) तयार करतो. कागद किंवा त्वचेचा मृत थर त्याला अडवतो. हाच स्रोत श्वासावाटे वा अन्नातून शरीरात गेला, तर सगळी ऊर्जा मोजक्या पेशींत उतरते; म्हणून शरीराला मिळालेल्या प्रारणाची मात्रा मोजताना अल्फाला गॅमाच्या २० पट महत्त्व देतात.

बीटा कण म्हणजे अणुकेंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनएवढाच, पण धनभारित कण). काही मिमी. ॲल्युमिनियम त्याला पुरते. येथे आधी शिसे लावणे उलटेच पडते: जड अणूंजवळ इलेक्ट्रॉन एकदम मंदावले की क्ष-किरण निघतात. त्यामुळे आत प्लॅस्टिक व बाहेर शिसे, असा क्रम ठेवतात.

गॅमा किरण हे विद्युतभार नसलेले उच्च ऊर्जेचे फोटॉन (प्रकाशकण). अल्फा कणांसारखा त्यांना ठरावीक पल्ला नसतो. आवरण जाड करावे तशी तीव्रता घटत जाते, पण शून्य होत नाही. कोबाल्ट-६० चे किरण (१.१७ व १.३३ एमईव्ही) निम्मे करायला सुमारे सव्वा सेंमी. शिसे लागते.

न्यूट्रॉन प्रारण मुख्यतः अणुभट्टीत व अणुविखंडनात (जड अणुकेंद्र फुटण्याच्या क्रियेत) आढळते. न्यूट्रॉनचा शोध चॅडविक यांनी १९३२ मध्ये लावला. त्याला मंदावण्यासाठी शिसे फारसे कामाचे नाही. त्याच्याएवढ्याच वस्तुमानाच्या हायड्रोजनशी टक्कर झाली की तो सर्वाधिक ऊर्जा गमावतो, म्हणून पाणी किंवा पॅराफिन वापरतात. मंदावलेले न्यूट्रॉन बोरॉन शोषून घेतो. न्यूट्रॉन ज्या पदार्थात शोषले जातात तो स्वतःच किरणोत्सर्गी होऊ शकतो. किरणोत्सर्गी स्रोतांतील बीटा व गॅमा प्रारणाने सहसा तसे होत नाही.