‘निर्णायक काळ’ की ‘संवेदनशील काळ’: एका संज्ञेची पार्श्वभूमी

ठरावीक वयातच घडणाऱ्या बदलांची, म्हणजेच ‘निर्णायक काळा’ची, कल्पना मूळची भ्रूणशास्त्रातली. १९३५ च्या सुमारास कलहंसाच्या पिलांवरील निरीक्षणांमुळे ती वर्तनाच्या अभ्यासात आली, पण तिला मेंदूत जागा मिळाली ती १९६३ मध्ये. मांजरीच्या पिलाचा एक डोळा पहिले काही महिने शिवून ठेवला, तर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी पुढे त्या डोळ्याला प्रतिसादच देत नाहीत आणि प्रौढ मांजरात मात्र असे घडत नाही, हे तेव्हा दिसले. १९७० मध्ये हा काळ चौथ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचा असल्याचे दाखवले गेले, आणि या कामाला १९८१ चे नोबेल मिळाले.

गुंता इथून पुढचा आहे. १९६७ मध्ये भाषेसाठीही असाच काळ असून तो वयात येईपर्यंत संपतो, अशी मांडणी झाली. भाषेला मात्र मांजरीच्या डोळ्याइतकी काटेकोर सीमा सापडेना, म्हणून अनेकांनी ‘संवेदनशील काळ’ ही सौम्य संज्ञा जवळ केली. दोन्ही संज्ञा अदलाबदलीने वापरल्या जाऊ लागल्या, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत धोरणकर्त्यांनी त्यांतली ‘निर्णायक काळ’ ही कठोर संज्ञा उचलली. बालपणी चेतासंधींची (मेंदूतील पेशींमधल्या जोडण्यांची) घनता शिगेला पोहोचते, या शवविच्छेदनांतून आलेल्या निष्कर्षाला ती जोडून ‘पहिली तीन वर्षे’ हे घोषवाक्य झाले. मांजरीच्या प्रयोगात हानी झाली होती ती वंचनेमुळे, म्हणजे आवश्यक अनुभव न मिळाल्यामुळे. जादा उत्तेजनाने जादा लाभ होतो, हे त्यातून कधीच सिद्ध झाले नव्हते. तरीही १९९८ मध्ये जॉर्जिया राज्यात प्रत्येक नवजात बालकाला शास्त्रीय संगीताची तबकडी देण्यासाठी १,०५,००० डॉलरचा प्रस्ताव मांडला गेला. ज्या प्रयोगाने या संगीताने बुद्धी वाढते असा बोलबाला झाला, तो ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा होता आणि परिणाम टिकला होता जेमतेम १०-१५ मिनिटे!

रुमानियातील अनाथालयांमधील १३६ मुलांवरचा, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक वजनदार आहे. दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबांत (मुलांना सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबांत) गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ अधिक सावरली, पण हाही पुरावा वंचनेचाच. त्याआधी २००२ मध्ये खुद्द दृष्टीच्या बाबतीतच कठोर संज्ञेला तडा गेला होता: चेतापेशींभोवतीचे आधारद्रव्य विकराने (एन्झाइमने) विरघळवताच, एक डोळा बंद ठेवण्याचा तोच परिणाम प्रौढ उंदरांतही दिसून आला.